लाचेची किंमत कोण चुकवितो?



गेल्या महिन्यात एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर एक विधवा भगिनी देवळाच्या पायरीवर थांबून राहिली होती. पतीच्या निधनानंतर शेताच्या उताऱ्यावर वारसांची नावे चढावीत म्हणून ती सहा महिने एका कचेरीचे उंबरठे झिजवीत होती. कागदपत्रे पुरी होती. केवळ ‘चहापाणी’ बाकी होते. ती म्हणाली, “फादर, पैसे दिले तर पाप म्हणता, नाही दिले तर शेत अडकून राहते. गरिबाने करावे तरी काय?” त्या क्षणी मला तिला नीट उत्तर देता आले नाही. म्हणून आजचे हे चार शब्द.

संत लूकच्या शुभवर्तमानात यार्देनच्या तीरावरचा एक प्रसंग आहे. जकातदार आणि शिपाई योहान बाप्तिस्ताकडे आले व आम्ही काय करावे, असे विचारू लागले. योहानाने त्यांना चाकरी सोडून रानात या, असे सांगितले नाही. ठरलेल्याहून अधिक घेऊ नका, धाक दाखवून कोणाकडून पैसा उकळू नका, आपल्या वेतनात समाधान माना, एवढेच त्याने सांगितले. म्हणजे पश्चात्तापाची खरी कसोटी आपल्या कामाच्या जागीच लागते. जक्कयानेही लुबाडलेले चौपट परत करण्याचे कबूल केले होते. ख्रिस्तसभा लाचखोरीची गणना चोरीत, म्हणजे सातव्या आज्ञेच्या भंगात करते. आणि पापनिवेदन केले म्हणून परतफेडीचे कर्तव्य टळत नाही, असेही शिकविते.

आजच्या काळात हे कोणाला जमते, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर आफ्रिकेतील एका तरुण सरकारी नोकराने दिले आहे. काँगो देशाच्या पूर्व सीमेवर गोमा नावाचे शहर आहे. तेथे १९८१ साली जन्मलेला फ्लोरिबेर ब्वाना चुई हा सांत एजिदिओ या भक्तसमुदायाचा सभासद होता व रस्त्यावरच्या अनाथ मुलांना शिकवीत असे. सीमेवर येणारा माल तपासणे ही त्याची नोकरी. एकदा खाण्यास अयोग्य झालेला तांदूळ आला. तो सोडून द्यावा म्हणून त्याला पैसे देऊ करण्यात आले, दडपणही आले. तो बधला नाही. २००७ साली त्याला पळवून नेऊन, छळ करून ठार मारण्यात आले. पोप फ्रान्सिस यांनी २०२३ साली किन्शासा येथे तरुणांपुढे त्याचे उदाहरण ठेविले, आणि १५ जून २०२५ रोजी रोममधील संत पौलाच्या महामंदिरात त्याला रक्तसाक्षी म्हणून ‘धन्य’ घोषित करण्यात आले.

त्याला मुखाने ख्रिस्ताला नाकारण्यास कोणी सांगितले नव्हते. एका कागदावर शिक्का मारण्यासच सांगितले होते. मग तो रक्तसाक्षी कसा? कारण पैसा लवकरच उडून जाईल, पण हा तांदूळ खाणाऱ्यांचे काय होईल, हा प्रश्न तो विसरू शकला नाही. लाच हा दोघांमधला व्यवहार दिसतो खरा. परंतु तिची किंमत तेथे हजर नसलेला तिसराच चुकवितो. वाळूमिश्रित सिमेंटच्या शाळेत बसणारे मूल, रेशनच्या दुकानातून रिकाम्या पिशवीने परतणारी म्हातारी, रांगेत मागे ढकलला गेलेला शेजारी, हाच तो तिसरा.

आता त्या भगिनीच्या प्रश्नाकडे येऊ. हक्क नसलेली वस्तू मिळविण्यासाठी पैसे चारणारा आणि हक्काच्या कामासाठी नाडला जाणारा, हे दोघे सारखे दोषी नव्हेत. परंतु नाडल्या गेलेल्यानेही गप्प बसू नये. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती होऊन लाच देणेही गुन्हा ठरले आहे; मात्र ज्याला ती देण्यास भाग पाडले गेले, त्याने सात दिवसांच्या आत पोलीस वा तपास यंत्रणेस कळविल्यास त्याला या कायद्याचे संरक्षण आहे. तसेच २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने आपल्या अर्जाचे काय झाले, हे विचारता येते.

परंतु एकट्या विधवेला केवळ कायदा सांगून भागत नाही. येथे धर्मग्रामाचे कर्तव्य सुरू होते. प्रथम आपले अंगण स्वच्छ हवे. व्हॅटिकनमधील सेवकांनी चाळीस युरोंहून अधिक किमतीची भेट स्वीकारू नये, असा नियम २०२१ साली झाला. आपणही सणाचा व देवळाच्या दुरुस्तीचा हिशेब सर्वांसमोर मांडावा. मुलीसाठी स्थळ पाहताना “वरकमाई किती?” हा प्रश्न आपल्या घरात कोणी विचारू नये, लाचेचे बी तेथेच रुजते. आणि जो लाच नाकारतो त्याला एकटे सोडू नये.

गेल्या आठवड्यात धर्मग्रामातील दोन वडीलधारी माणसे व एक निवृत्त शिक्षक त्या भगिनीबरोबर कचेरीत गेले. पुन्हा लेखी अर्ज दिला, त्याची पोच घेतली. पैसे दिले नाहीत. नोंद अद्याप झालेली नाही. पुढच्या सोमवारी ते पुन्हा जाणार आहेत. त्यांच्यासाठी प्रार्थना करा. त्या कारकुनासाठीही करा. आणि आपल्यापैकी ज्याला सोमवारी सवड असेल, त्याने त्यांच्याबरोबर जावे.