फॉर्मवरचा एक 'नाही'

'जिंदगी ना मिलेगी दोबारा' हा सिनेमा आला 2011 साली. तेव्हा आम्ही पहिलीत होतो. पण होस्टेलवर लॅपटॉपला आठ जण चिकटून तो बघितला आणि ठरलं, आपणही स्कुबा करायचं! तेही तिथेच, स्पेनच्या किनाऱ्यावर, भूमध्य समुद्रात. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये व्हिसा, विमान, राहणं असा हिशेब मांडला. आकडा बघून चहा थंड झाला. कोणीतरी म्हणालं, "अरे भो, आपलं मालवण काय वाईट आहे?"

झालं, मालवण ठरलं. भुसावळहून मंगला एक्सप्रेसने कोकणात उतरायचं, मग कुडाळमार्गे मालवण-तारकर्ली. पावसाळ्यात समुद्र बंद, म्हणून डिसेंबर. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत भाजून निघणाऱ्या आम्हा जळगाव-धुळ्याच्या पोरांना समुद्राची ओढ किती असते, हे मुंबईकरांना नाही कळायचं. आमचं पाणी म्हणजे गिरणा, पांझरा आणि काकांच्या शेतातली विहीर!

बुकिंगसोबत एक इंग्रजी फॉर्म आला. मी कॉन्व्हेंटवाला, म्हणून सगळ्यांचे फॉर्म भरायचं काम माझ्याकडे. हृदयाचा त्रास? कानाचं ऑपरेशन? दमा? मी वाचायचं, त्यांनी 'नाही, नाही' म्हणायचं. धुळ्याच्या मित्रापाशी येऊन मी थांबलो. त्याच्या बॅगेत इनहेलर असतो, हे अख्ख्या विंगला माहीत आहे.

"टाक ना नाही," तो म्हणाला. "हो लिहिलं की डॉक्टरचं सर्टिफिकेट मागतील. वाचतोय का कोणी!"

माझं पेन तिथेच अडलं. खरं सांगतो, मी काही फार सत्यवादी माणूस नाही. प्रॅक्टिकलला रीडिंग चुकलं की ग्राफवर आधी रेषा मारून मग बिंदू बसवणारा मीही आहेच. पण त्या रात्री मी स्कुबाबद्दल वाचत बसलो आणि झोप उडाली.

1943 साली जाक कुस्तो आणि एमिल गान्यां या दोन फ्रेंच माणसांनी 'अ‍ॅक्वालंग' तयार केलं. गान्यां आपल्यासारखाच इंजिनिअर. युद्धात पेट्रोलची टंचाई, म्हणून गॅसवर चालणाऱ्या गाड्यांसाठी त्याने एक रेग्युलेटर केला होता. तोच सुधारून त्यांनी पाण्याखाली नेला. चाचण्या झाल्या भूमध्य समुद्रात. या रेग्युलेटरचं काम एकच: बाहेर पाण्याचा जेवढा दाब, तेवढ्याच दाबाची हवा तोंडात देणं.

आता अकरावीतला बॉईलचा नियम आठवा. दर दहा मीटरला दाब साधारण एका वातावरणाने वाढतो. म्हणजे दहा मीटरवर घेतलेला श्वास रोखून वर आलात, तर तीच हवा दुप्पट जागा मागते. म्हणूनच स्कुबाचा पहिला नियम, श्वास कधीही रोखायचा नाही. दमेकऱ्याने श्वास रोखला नाही तरी त्याच्या आकसलेल्या नळ्या एखाद्या कोपऱ्यात हवा अडकवून ठेवू शकतात. मग फुफ्फुसाला इजा होते, आणि ती जिवावर बेतू शकते. "आपण काय पाच मीटरच जाणार," असं म्हणून सुटका नाही. तिथेही हवा दीडपट फुगते.

तुम्ही म्हणाल, हजारो लोक मालवणला स्कुबा करून हसत परत येतात. खरं आहे. पोहता न येणाऱ्यालाही ट्रेनर हात धरून नेतो. पण तो ट्रेनर तुमच्याबद्दल काय जाणतो? फॉर्मवर लिहिलंय तेवढंच! आम्हाला दुसरीकडे पाचशे रुपये कमी सांगितले होते आणि वर "फॉर्म-बिर्म काही नाही." आम्ही खूश झालो होतो. मे 2022 मध्ये तारकर्लीला स्कुबाहून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक गेले. तेव्हा धोका पाण्याखाली नव्हे, बोटीवर होता. म्हणून लाईफ जॅकेट, बोटीतली माणसं, ट्रेनरचं प्रशिक्षण हे सगळं विचारायला हवं. आपण विचारतो काय, तर "व्हिडिओ मिळेल ना?"

मी फॉर्मवर 'हो' लिहिलं. मित्र चार दिवस बोलला नाही. "तुला काय करायचं होतं," हे एक वाक्य तेवढं ऐकवलं. त्याचं दुःख मला कळतं. सगळे पाण्यात आणि आपण एकटे किनाऱ्यावर, यासारखं वाईट काही नाही. पाचव्या दिवशी तो स्वतःच छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन आला. त्यांनी तपासण्या होईपर्यंत स्पष्ट मनाई केली आहे. "मी सिंधुदुर्ग किल्ला बघतो," तो म्हणाला. "तुम्ही जा मासे मोजायला." आता मीही पहिल्या दिवशी त्याच्यासोबत किल्ल्यावर जाणार आहे.

मित्रांनो, उद्या आपल्याला पूल, बॉयलर, लिफ्ट यांच्या कागदांवर सह्या करायच्या आहेत. तिथेही कोणीतरी खांद्यावर हात ठेवून म्हणेलच, "टाक ना, वाचतोय का कोणी!" कदाचित खरंच कोणी वाचणार नाही. पण दाबाला फॉर्म वाचता येत नाही, तो आपलं काम करतोच.