शेवटचे सोळा टक्के

नवे ॲप, नवे बियाणे, नवी पद्धत लोकांनी उचलली नाही की आढावा बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येते : "लोकांची मानसिकताच नाही." या वाक्याला शास्त्राचा आधार हवा असला की एव्हरेट रॉजर्स यांचा आलेख पडद्यावर येतो. 'डिफ्युजन ऑफ इनोव्हेशन्स' हे त्यांचे पुस्तक १९६२चे. नवे स्वीकारणाऱ्यांचे त्यात पाच गट आहेत. पहिले अडीच टक्के धाडसी, त्यांच्यामागचे साडेतेरा टक्के जाणते, मग चौतीस आणि चौतीस टक्क्यांचे दोन मोठे घोळके, आणि शेवटचे सोळा टक्के 'लॅगार्ड', म्हणजे रेंगाळणारे.

हे सोळा टक्के कुणी गावोगाव हिंडून मोजलेले नाहीत. घंटेच्या आकाराचा आलेख काढून सरासरीपासून ठरावीक अंतरांवर रेघा मारल्या की हे तुकडे आपोआप पडतात. बदल एका वर्षात पसरो की वीस वर्षांत, शेपटीला सोळा टक्के उरणारच. ज्यांनी तो कधीच घेतला नाही, ते तर या हिशेबातच नाहीत.

सिद्धान्ताचे मूळ अमेरिकेतल्या आयोवातल्या मक्यात आहे. रायन आणि ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी तिथल्या २५९ शेतकऱ्यांना संकरित मक्याबद्दल विचारले. त्यांचा अभ्यास १९४३ साली छापून आला. दोघे वगळता सर्वांनी ते बियाणे घेतले होते. बियाण्याची बातमी सर्वाधिक जणांना विक्रेत्याकडून कळली होती, भरवसा मात्र शेजाऱ्यांमुळे बसला. खुद्द रॉजर्स यांचे वडीलही आयोवाचेच शेतकरी. यंत्रांचे शौकीन, पण नव्या बियाण्याला त्यांचा नकार होता. १९३६च्या दुष्काळात त्यांचा मका वाळला, शेजारचा संकरित उभा राहिला. तेव्हा ते वळले. घरातच असा दाखला असल्यावर मुलाला 'रेंगाळणारे' दिसले यात नवल नाही.

आता आपल्याकडच्या ज्वारीकडे या. १९६४ साली 'सीएसएच-१' हा संकरित वाण आला. त्याची मादी अमेरिकी 'कम्बाइन काफिर' वाणाची. नावातच कम्बाइन आहे : कापणी-मळणी यंत्राच्या पात्याला सोयीचे म्हणून ताट बुटके ठेवलेले. तिकडे हा गुण. इकडे ज्वारी माणूस खातो आणि कडबा बैल खातो, म्हणून ताट आखूड म्हणजे निम्मे पीक गेले. त्यात वाण हळवा, म्हणजे लवकर पिकणारा. खरिपात पावसातच दाणा भरायचा आणि बुरशीने काळा पडायचा. बियाणे दरवर्षी विकत आणायचे, ते वेगळेच. उत्पन्न मात्र खरोखर दांडगे होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. शेतकऱ्यानेही नाकारले नाही. खरिपात त्याने हायब्रीड मोठ्या प्रमाणावर पेरली. रब्बीत मात्र, सोलापूर-नगरच्या काळ्या रानात, मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी ज्वारी त्याने हातची सोडली नाही.

एकाच माणसाने जूनमध्ये नवे घेतले आणि ऑक्टोबरमध्ये नाकारले. त्याला कोणत्या रकान्यात घालणार? नवे ते चांगलेच आणि न घेणाऱ्यातच खोट, हा या अभ्यासांचा कल रॉजर्स यांनी पुढच्या आवृत्त्यांत स्वतःच दोष म्हणून नोंदवला. प्रशिक्षणवर्गांत आलेख पोचला. ती कबुली काही पोचली नाही. आणि बोलीत 'हायब्रीड' हा शब्द नुसत्याच वाढलेल्या, अंगात दम नसलेल्या पोरांसाठी रूढ झाला. हा अभिप्राय कोणत्याही प्रश्नावलीत मावला नसता.

आज शहरातल्या वाण्याकडे मालदांडीच्या पोत्यावर चढा दर लिहिलेला असतो, आणि खरिपाची काळवंडलेली हायब्रीड कोंबडीखाद्याला नाहीतर मद्यार्काच्या भट्टीला जाते.