एआयचा ऊस ४० टक्के जास्त. पण काटा कुणाचा?

राहुरीच्या कृषी विद्यापीठात साध्या फवारणीच्या शिफारशीलाही काही वर्षांची चाचणी लागते. मग कोट्यवधींच्या एआय योजनेला ती का नको?

ऊस उत्पादक शेतकरी एका बाबतीत कुणावर विश्वास ठेवत नाही: वजनावर. गाडी कारखान्यात जाण्याआधी बाहेरच्या काट्यावर भरून बघणारे शेतकरी राहुरी तालुक्यात काय, अख्ख्या उसाच्या पट्ट्यात सापडतात. हाच शेतकरी ‘एआयमुळे उसाचे उत्पादन ४० टक्क्यांनी वाढते’ हे वाक्य मात्र दोन वर्षांपासून ऐकतो आहे. मंत्र्यांच्या भाषणात, मेळाव्यात, मोबाइलवरच्या रीलमध्ये. हे वजन कुठल्या काट्यावर झाले, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही.

चर्चा सुरू कुठून झाली?

बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टचे तंत्रज्ञान घेऊन उसावर प्रयोग सुरू केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी त्याची चित्रफीत समाजमाध्यमावर टाकली. त्यावर इलॉन मस्क यांची प्रतिक्रिया आली आणि बारामतीचा ऊस जगभर पोहोचला. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘महाअ‍ॅग्री-एआय’ धोरण मंजूर केले. २०२५ ते २०२९ असा त्याचा कालावधी असून पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद आहे.

म्हणजे क्रम असा झाला: आधी प्रयोग, मग चित्रफीत, मग धोरण. प्रयोग आणि धोरण यांच्यामध्ये एक पायरी असते, तिचे नाव चाचणी. त्या पायरीवर थांबलेले फारसे कुणी दिसले नाही.

हे एआय नेमके करते काय?

शेतात किंवा गावात हवामान केंद्र बसते. जमिनीत ओलावा मोजणारे सेन्सर पुरतात. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून पीक कुठे हिरवे, कुठे पिवळे ते कळते. या सगळ्याची गोळाबेरीज करून मोबाइलवर सल्ला येतो: आज इतके पाणी द्या, अमुक खत द्या, या कोपऱ्यात कीड बघा.

यातले बरेचसे नवे नाही. पिकाला रोज किती पाणी लागते, हे तापमान, आर्द्रता, वारा आणि ऊन यांवरून काढण्याचे सूत्र हॉवर्ड पेनमन यांनी १९४८ मध्ये मांडले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने त्याची सुधारित पद्धत १९९८ मध्ये जगभरासाठी प्रमाण केली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने त्याच शास्त्रावर ‘फुले जल’ आणि ‘फुले इरिगेशन शेड्युलर’ ही अ‍ॅप तयार केली. त्यांची चित्रफीत मस्क यांच्यापर्यंत गेली नाही, एवढाच फरक.

एआयचा खरा उपयोग आहे तो पुढे. हजारो प्लॉटची माहिती एकत्र करून कुठला ऊस कधी पक्व होईल याचा अंदाज बांधणे आणि त्यावरून तोडीचा कार्यक्रम लावणे, हे माणसाला हाताने जमणारे काम नाही. यातून साखर उतारा वाढू शकतो. पण ‘उतारा वाढू शकतो’ हे भाषणात शोभत नाही, ‘४० टक्के’ शोभते.

४० टक्के जास्त, पण कशापेक्षा?

राज्याची उसाची सरासरी एकरी ४० टनांच्या आतच आहे. दुसरीकडे कसलेही अ‍ॅप न वापरता एकरी १०० टनांच्या आसपास जाणारे शेतकरीही आहेत. चांगले बेणे, रुंद सरी, ठिबक, माती परीक्षण, वेळेवर खत आणि रोजची नजर यावर ते तिथे पोहोचतात. मग ज्या प्लॉटवर एआय बसवले, तिथे त्याच वर्षी ठिबकही आले का? कांडीऐवजी रोपे लावली का? माती तपासून खत दिले का? ही सगळी कामे एकदम केली, तर वाढलेल्या टनांतले किती सेन्सरचे आणि किती ठिबकचे, हे सांगता येत नाही. सरी पद्धतीवरून नुसत्या ठिबकवर गेले तरी उसात पाण्याची मोठी बचत होते आणि टनेजही वाढते, हे कृषी विद्यापीठे फार पूर्वीपासून सांगत आली आहेत.

‘मागच्या वर्षीपेक्षा जास्त’ ही तुलना तर आणखी कच्ची. २०२३-२४ च्या गाळप हंगामात राज्यात सुमारे ११० लाख टन साखर झाली, २०२४-२५ मध्ये सुमारे ८० लाख टन. कमी ऊस, हवामान, तुरा, इथेनॉल अशी त्याची कारणे सांगितली गेली. एका वर्षात पाव हिश्शाहून जास्त फरक पडला आणि त्यात कुठल्याही अ‍ॅपचा हात नव्हता. असा फरक उलट्या दिशेने पडला, तर त्याचे श्रेय घ्यायला मात्र बरेच जण पुढे येतील.

तिसरी गोष्ट निवडीची. नव्या प्रयोगात आधी नाव कोण देतो? ज्याची विहीर भरलेली आहे, ज्याच्याकडे ठिबक आहे, जो मेळाव्याला जातो, तो. त्याचा ऊस गावाच्या सरासरीपेक्षा आधीच वर असतो.

मग चाचणी कशी असते?

विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर एकाच जमिनीचे सारखे तुकडे पाडतात. कुठल्या तुकड्यावर नवी पद्धत आणि कुठल्यावर जुनी, हे चिठ्ठी टाकून ठरते, म्हणजे चांगली जमीन नव्या पद्धतीच्या वाट्याला मुद्दाम देता येत नाही. तोच प्रयोग अनेक वेळा, अनेक ठिकाणी होतो. एखाद्या खताच्या मात्रेची किंवा फवारणीची शिफारस करायची, तरी साधारण तीन वर्षांची आकडेवारी घेऊन राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीपुढे जावे लागते. तिथे इतर विद्यापीठांचे शास्त्रज्ञ ती उलटसुलट तपासतात.

या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत मराठी माणसेही आहेत. साताऱ्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे यांचे शेती-संख्याशास्त्राचे पुस्तक १९५४ मध्ये आले आणि कृषी पदवीधरांच्या पिढ्या त्यावर शिकल्या. सुखात्मे यांनी १९४६ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले होते की फार छोट्या तुकड्याची कापणी करून उत्पादन काढले, तर आकडा फुगतो. कडेची रोपे आत मोजली जातात आणि हेक्टरचा हिशेब चुकतो. एआयच्या प्लॉटवर पाच-दहा ऊस मोजून ‘एकरी अंदाज’ सांगणाऱ्या प्रत्येक चित्रफितीला हा ऐंशी वर्षांपूर्वीचा इशारा लागू पडतो.

ऊस दीड वर्षाचा, एवढे थांबायचे कसे?

हा आक्षेप खरा आहे. आडसाली ऊस १५ ते १८ महिने शेतात असतो. पण अवघड चाचणी होत नाही असे नाही. महाराष्ट्रात २००३ पासून दुष्काळ पडला की कृत्रिम पावसाची विमाने उडाली आणि दर वेळी यशापयशाचे राजकीय दावे झाले. अखेर पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सोलापूर भागात २७६ ढगांवर पद्धतशीर प्रयोग केला. काही ढगांत बीजारोपण, काहींत नाही. २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: काही ठिकाणी पाऊस ४६ टक्क्यांपर्यंत वाढला, शंभर चौरस किलोमीटरची सरासरी मात्र १८ टक्के. कुठला आकडा भाषणात जाईल आणि कुठला नियोजनात वापरावा, हे वेगळे सांगायला नको. उडत्या ढगांची चाचणी होऊ शकते, तर जमिनीत उभ्या उसाची का नाही?

राहुरीच्या शेतात काय अडेल?

तांत्रिक अडचणी इथल्याच आहेत. मोफत मिळणाऱ्या युरोपीय उपग्रह छायाचित्रात एक ठिपका १० बाय १० मीटरचा, म्हणजे जवळपास एक गुंठा. वीस गुंठ्यांची लांबट पट्टी असेल, तर निम्मे ठिपके शेजाऱ्याच्या पिकात मिसळलेले निघतात. पावसाळ्यात ढग आले की छायाचित्रच मिळत नाही. काळी जमीन ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. सेन्सरभोवती भेग पडली, तर तो ओलाव्याऐवजी हवा मोजतो. क्षारपड जमिनीत त्याची जुळणी वेगळी करावी लागते.

आणि सगळ्यांत मोठी अडचण मोबाइलच्या बाहेरची. बारागाव नांदूरचे मुळा धरण २६ टीएमसीचे. त्याचा डावा आणि उजवा कालवा आवर्तनाने सुटतो. अ‍ॅप म्हणेल, मंगळवारी पाणी द्या. पाटाची पाळी पुढच्या आठवड्यात असेल आणि विहिरीवरच्या मोटारीला वीज रात्री मिळणार असेल, तर मंगळवारचा सल्ला कितीही अचूक असला तरी काय कामाचा?

आकडा खरा की खोटा, फरक काय पडतो?

फरक थेट खिशाला पडतो. एकरी ४० टन ऊस आणि टनाला हाती तीन हजार रुपये धरू. यंत्रणेचा खर्च, हिशेबापुरता, एकरी दहा हजार. वाढ खरोखर ४० टक्के असेल, तर १६ टन जादा, म्हणजे ४८ हजार रुपये. मग अनुदानाची गरजच काय, शेतकरी रांगेत उभा राहून घेईल. पण वाढ पाचच टक्के असेल, तर दोन टन, सहा हजार रुपये, आणि एकरी चार हजारांचा तोटा. नफ्या-तोट्याची रेघ आठ-साडेआठ टक्क्यांवर आहे. सध्या अनुदान आणि प्रायोगिक योजना यांमुळे हा हिशेब झाकलेला आहे. अनुदान थांबेल त्या वर्षी तो उघडा पडेल, आणि तोवर भाषण करणारे दुसऱ्या तंत्रज्ञानाकडे गेलेले असतील.

काय व्हायला हवे?

एआयला विरोध करण्याचे कारण नाही. पण ५०० कोटींतला एक छोटा हिस्सा तपासणीसाठी बाजूला काढता येईल. चारही कृषी विद्यापीठांनी शेतकऱ्यांच्या शेतावर चिठ्ठी टाकून प्लॉट निवडावेत. एकीकडे ठिबक आणि चांगले बेणे, दुसरीकडे तेच अधिक एआय. दोन्हींचे वजन काट्यावर, तेही पूर्ण प्लॉटचे. निकाल चांगला असो वा वाईट, जाहीर व्हावा. राहुरीचे विद्यापीठ स्वतःही डिजिटल शेतीवर काम करते, म्हणून त्याच्या अ‍ॅपची तपासणी इतर तिघांनी करावी. रिक्त पदांनी वाकलेल्या विद्यापीठांना त्यासाठी माणसेही द्यावी लागतील.

तोपर्यंत गावात कुणी यंत्रणा विकायला आले, तर त्याला चार प्रश्न विचारावेत. वाढ कशाच्या तुलनेत? शेजारी तुलनेचा प्लॉट होता का? वजन अंदाजाने की काट्यावर? अनुदान नसते तर परवडले असते का?

उत्तरे मिळाली तर जरूर घ्यावे. नाही मिळाली, तर गाडी बाहेरच्या काट्यावर घेण्याची सवय शेतकऱ्याला आहेच.