गळती आधी शोधा, मग तेल ओता

गाडी जुनी झाली की पॉवर स्टिअरिंगचे तेल गळू लागते आणि मालक दर आठवड्याला डबीत तेल ओतू लागतो. आम्हीही तीन महिने हेच केले. मालेगावहून भिवंडीला कापडाचे नमुने नेताना कसारा घाटात स्टिअरिंग जड पडले, पंप कण्हू लागला, तेव्हा कुठे आमचे डोळे उघडले.

हे तेल इंजिन ऑइलसारखे जळून कमी होत नाही. डबीतून पंपात, पंपातून जास्त दाबाच्या पाइपाने स्टिअरिंगच्या रॅकमध्ये आणि परतीच्या पाइपाने पुन्हा डबीत, असे ते फिरत राहते. पातळी उतरली म्हणजे गळती आहेच. तेल संपले की पंप कोरडा चालून खराब होतो. गरम सायलेन्सर पाइपावर ते ठिबकले तर आगीचाही धोका असतो.

एका गॅरेजवाल्याने गाडीखाली डोकावून सांगितले, "शेठ, पूर्ण रॅक बदलावा लागेल." खर्च हजारोंचा होता. आम्ही दुसऱ्या एका उस्तादांकडे गेलो. त्यांनी आधी सगळे भाग पुसून कोरडे केले. मग इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पुरते फिरवायला लावले, पण टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू दिले नाही, कारण तेथे पंपावर फार ताण येतो. स्वतः बॅटरी घेऊन खाली पाहत राहिले. रॅकच्या टोकांचे रबरी बूट दाबून पाहिले, ते आतून कोरडे होते. म्हणजे रॅकचे सील शाबूत होते. ओल दिसली ती परतीच्या पाइपाच्या तोंडाशी. रबर कडक होऊन चिरले होते आणि क्लिप सैल होती. पाइपाचा तुकडा आणि दोन नव्या क्लिपा, एवढ्यावर काम भागले.

दाबाचा पाइप फुटला असता तर तो नवाच घालावा लागला असता. तेथे क्लिपेची मलमपट्टी टिकत नाही. गळती थांबवण्याच्या बाटल्या मिळतात, त्या जुने सील फुगवून काही दिवस ढकलतात, चिरलेला पाइप जोडत नाहीत. तेल गाडीच्या पुस्तकात किंवा डबीच्या झाकणावर लिहिलेलेच घालावे. ब्रेक ऑइल तर चुकूनही नको, त्याने पंपाचे व रॅकचे सील खराब होतात.

आता मुद्द्याचे बोलतो. उस्तादांचा अर्धा तास शोधण्यात गेला, पाइप बसवायला दहा मिनिटे लागली. मजुरी मात्र आम्ही व्यापारी दहा मिनिटांचीच देऊ पाहतो. नुसते पाहण्याचे कसले पैसे, असे विचारतो. मग कारागीर आपली रोजी सामानाच्या नफ्यातून काढतो आणि क्लिपेच्या जागी रॅक बदलला जातो. मागावर ताण्याचा एक धागा तुटला तर कोणी अख्खे बीम फेकत नाही. तुटलेला धागा शोधणाऱ्या नजरेलाच आपण कारागिरी म्हणतो. ती नजर गॅरेजमध्ये फुकट का मागावी?

गॅरेजच्या धंद्यात आपले पुष्कळ तरुण आहेत. त्यांना आमची विनंती अशी की तपासणीची मजुरी आधी सांगा आणि उघडपणे घ्या. गळतीची जागा गिऱ्हाइकाला दाखवा आणि काढलेला भाग त्याच्या हातात द्या. गिऱ्हाइकांनीही त्या मजुरीत घासाघीस करू नये.

गाडी विकणाऱ्यांसाठीही दोन शब्द. खालचा भाग धुऊन, डबी भरून गळकी गाडी विकणे सोपे आहे. हजरत पैगंबर (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओलावा लागला, तेव्हा भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. ही हदीस आपण सगळे जाणतो. धुऊन पुसलेली गळती म्हणजे ढिगाखालचे ओले धान्यच. ऐब सांगून विकले तर भाव थोडा उतरेल, पण बरकत त्यातच आहे.