मंगळाची मुलगी आणि तिमिंगलातला तारा

मागच्या महिन्यात आमच्या सेलूत एका मुलीचे ठरत आलेले लग्न मोडले. मुलगी बी.एस्सी., मुलगा नोकरीला, देण्याघेण्याचा विषयच नव्हता, मंगल परिणय विहारातच लावायचा होता. पण मुलाच्या मावशीने गुपचूप कोणाला तरी जन्मवेळ दाखवली आणि 'मुलीला मंगळ आहे' असा निरोप आला. आपल्या घरांतूनही पत्रिका अशी मागच्या दाराने आत येते, हे कबूल करायला हवे.

मुलीचे वडील माझे कचेरीतले जुने सोबती. ते गप्प राहिले. मुलगी मात्र माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, आकाशातला ग्रह माझे लग्न मोडत नाही, हे मला कळते. पण ग्रहाचा खरोखर कशावर परिणाम होतो का? झाला तर तो कसा ओळखतात?"

मी बी.कॉम. झालेला कारकून. मला लगेच उत्तर देता आले नाही. आठ-दहा दिवस वाचन केले, आणि उत्तर आपल्याच महाराष्ट्रात, जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळच्या खोडदला मिळाले.

खोडदच्या परिसरात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या आहेत. चौदा एका ठिकाणी जवळजवळ आणि सोळा तीन दिशांना दूरवर पसरलेल्या. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकात उभारलेली ही जीएमआरटी नावाची रेडिओ दुर्बीण. ती तारा पाहत नाही, ऐकते म्हटले तरी चालेल. तबकड्या भरीव पत्र्याच्या नाहीत, बारीक तारेच्या जाळीच्या आहेत. वारा जाळीतून निघून जातो, रेडिओ लहरी मात्र अडतात. त्यामुळे वजन घटले आणि खर्चही.

इटलीतील कातानिया येथील कोर्रादो त्रिजिलिओ यांच्या गटाने या दुर्बिणीतून वायझेड सेटी नावाचा तारा ऐकला. तिमिंगल या तारकासमूहातला हा लाल बटू तारा आपल्यापासून फक्त १२ प्रकाशवर्षांवर आहे. म्हणजे पहिलीत नाव घातलेले पोर बारावी पास होईल तेव्हा आज तिथून निघालेला उजेड इथे पोचेल. सूर्याच्या साताव्या हिश्श्याहूनही कमी वस्तुमानाचा हा तारा रूपविकारी आहे. अंगावर चुंबकीय स्फोट झाले की काही मिनिटांत त्याचे तेज एकदम वाढते आणि पुन्हा उतरते.

२०१७ साली त्याच्याभोवती तीन ग्रह असल्याचे जाहीर झाले. सर्वांत आतला ग्रह ताऱ्यापासून साधारण २४ लाख किलोमीटरवर आहे. आपला बुध सूर्यापासून पावणेसहा कोटींच्या पुढे असतो, त्यावरून कल्पना करा. या ग्रहाचे वर्ष दोन दिवसांत संपते. इतक्या जवळून तो ताऱ्याच्या चुंबकीय क्षेत्रातून फिरतो, तेव्हा विद्युतभारित कण चुंबकीय रेषांवरून ताऱ्याकडे धावतात आणि रेडिओ लहरी निघतात. गुरू आणि त्याचा उपग्रह आयो यांच्यात हेच घडते.

आता मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. रूपविकारी तारा स्वतःच स्फोट करतो. मग आवाज ग्रहामुळे झाला हे कसे म्हणायचे? आमच्या कचेरीत एक गृहस्थ वरचेवर 'आजारी' पडत. हजेरीपटाशेजारी आठवडी बाजाराचे वार लावून पाहिले तेव्हा आजार कळला. शास्त्रज्ञांनीही तसेच केले. पाच महिन्यांत नऊ वेळा तारा ऐकला, चार वेळा लहरी सापडल्या. त्या वेळी ग्रह आपल्या कक्षेत कुठे होता ते मांडले, तर जिथे असेल तेव्हा लहरी याव्यात असे गणित सांगत होते, तिथेच तो निघाला. २०२३ मध्ये हे निष्कर्ष मांडले गेले. त्याच वर्षी अमेरिकेतील पिनेडा आणि व्हिलाडसन यांनीही वेगळ्या दुर्बिणीतून याच ताऱ्याच्या लहरी नोंदवल्या, पण तारा स्वतःच हे करत असेल ही शक्यता त्यांनी खुली ठेवली. अजून निरीक्षणे हवीत, असे ते स्पष्ट म्हणाले. पत्रिका पाहणाऱ्याने असे कधी म्हटलेले मी तरी ऐकले नाही.

या लहरींचे मोल मोठे आहे. त्यांवरून ग्रहाला स्वतःचे चुंबकीय कवच आहे का, याचा अंदाज बांधता येतो. कवच असेल तर ताऱ्याच्या माऱ्यापुढे हवा टिकण्याची आशा राहते. हा ग्रह तर फारच तापलेला, तिथे कोणी राहत नसणार. पण आकाशगंगेतले चारपैकी सुमारे तीन तारे लाल बटू आहेत. त्यांच्या ग्रहांवर हवा टिकते की नाही, यावर पृथ्वीबाहेर जीव सापडण्याची पुष्कळशी आशा अवलंबून आहे.

नोव्हेंबरअखेर रात्री नऊला मी, ती मुलगी आणि तिचे वडील गच्चीवर गेलो. दक्षिणेला, अर्ध्या आकाशाहून किंचित वर, डिफ्डा नावाचा ठळक तारा एकटाच दिसतो. हात लांब करून मूठ धरली, तर तिच्या रुंदीपेक्षा थोडे कमी अंतर पूर्वेला सरकायचे. वायझेड सेटी तिथेच, पण नुसत्या डोळ्यांना न दिसणारा.

वडील बराच वेळ तिकडे पाहत होते. मग मुलीला म्हणाले, "खोडदला जायला गाडी कुठून मिळते?"