न कोरलेले खांब

वेरूळचे कैलास लेणे पाहून परतणारा मनुष्य बराच वेळ मुकाट्याने चालत राहतो. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी, कारागिरांनी डोंगराच्या माथ्यावर छिन्नी लावली आणि शिखरापासून पायापर्यंत, वरून खाली, अखंड खडकातून ते देवालय मोकळे केले. बांधकामात बिघडलेला दगड काढून दुसरा बसविता येतो. येथे ती सोय नव्हती. अशा कृतीपुढे मान लवावी हे उचितच होय. १९८३ साली वेरूळच्या लेण्यांची गणना जागतिक वारसास्थळांत झाली. आज तेथे कोणी दगडाची कपची काढू लागला, तर पहारेकरी धावून येईल.

ज्या काळ्या दगडातून कैलास कोरला गेला, त्याच जातीच्या दगडात निसर्गानेही खांब उभे केले आहेत. त्यांच्या वाट्याला मात्र असा पहारा क्वचितच येतो. मुंबईत अंधेरीच्या पश्चिम भागात गिल्बर्ट टेकडी आहे. तिला टेकडी म्हणावे की एकच प्रचंड शिळा म्हणावे, असा प्रश्न पाहणाऱ्यास पडतो. सुमारे २०० फूट उंचीची ही शिळा घरांच्या दाटीतून एकदम सरळ वर गेलेली आहे. तिच्या उभ्या कड्याकडे निरखून पाहिले, म्हणजे कडा सपाट नसून पैलूदार खांबांचा बनलेला आहे असे ध्यानी येते. कोणी बांधलेल्या मोळीतील काठ्यांप्रमाणे ते एकमेकांस चिकटून उभे आहेत. खडकातच खोदलेल्या पायऱ्यांनी वर गेले, की माथ्यावर गावदेवीचे व दुर्गामातेचे देऊळ लागते.

हे खांब कोणी घडविले? सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला मोठमोठ्या भेगा पडून त्यांतून तप्त लाव्हारस बाहेर आला. एका थरावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा असे त्याचे पूर पसरत गेले. महाराष्ट्राचा बहुतेक काळा दगड, ज्याला शास्त्रज्ञ बेसाल्ट म्हणतात, तो याच पुरांतून झाला. लाव्हारस थिजू लागला म्हणजे आकसतो, आणि आकसणाऱ्या वस्तूला तडे जातात. उन्हाळ्यात तळे आटल्यावर गाळाचा पृष्ठभाग कसा फुटतो, हे खेड्यातील प्रत्येक मुलाने पाहिलेले असते. लाव्हाच्या थरातही प्रथम पृष्ठभागाला तडे पडतात. मग जसजसा आतील भाग निवत जातो, तसतसे ते तडे सरळ आत उतरत जातात. तीन तडे एका बिंदूत समान कोनांनी मिळाले, की खडकातील ताण सर्वांत सुलभ रीतीने मोकळा होतो. तीन रेघांची अशी जुळणी सर्वत्र झाली म्हणजे षट्कोन तयार होतात. सगळेच खांब सहा बाजूंचे नसतात. पाच व सात बाजूंचेही पुष्कळ आढळतात. थर जितका सावकाश थंड होतो, तितके खांब जाड होतात.

येथे मधमाशीच्या पोळ्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. पण पोळे बांधणारी माशी तरी असते. या खांबांना बांधणारा कोणीही नाही. नुसते थंड होण्याने एवढी शिस्त यावी, हीच या रचनेतील खरी नवलाची गोष्ट आहे. हे कारण ठाऊक नव्हते तेव्हा लोकांनी कथा रचल्या. उत्तर आयर्लंडच्या समुद्रकाठी असेच सुमारे ४०,००० खांब पाण्यात उतरत गेलेले आहेत. फिन मॅककूल नावाच्या राक्षसी पुरुषाने समुद्र ओलांडण्यासाठी तो रस्ता बांधला, असे तेथील लोककथा सांगते. १९८६ साली त्या किनाऱ्यालाही जागतिक वारसास्थळाचा मान मिळाला. अमेरिकेतील वायोमिंग राज्यात डेव्हिल्स टॉवर नावाचा खांबांचा प्रचंड सुळका आहे. तेथील आदिवासी जमाती त्यास पवित्र मानत आल्या आहेत, आणि १९०६ साली त्या देशाने आपले पहिले राष्ट्रीय स्मारक म्हणून त्याचीच निवड केली. एखाद्या राजवाड्याची किंवा रणभूमीची नव्हे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

गिल्बर्ट टेकडीला असा मान मिळण्यास फार उशीर झाला. सभोवतालचा दगड खाणवाल्यांनी फोडून नेला. शहर वाढत वाढत तिच्या पायाशी येऊन भिडले. भूशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यावर २००७ साली मुंबई महानगरपालिकेने वारसा म्हणून तिची नोंद केली. तोवर कडे झिजू लागले होते, आणि आज उंच इमारतींच्या आडून ती दुरून दिसणेही कठीण झाले आहे. माथ्यावर देवीचे ठाणे असल्याने भाविकांची पावले तिकडे वळतात, हे तिचे भाग्यच म्हणावयाचे. डोंगरावर देऊळ असले, की सुरुंग लावणाऱ्याचा हात थोडा तरी कचरतो.

यावर कोणी म्हणेल की कैलास ही माणसाच्या बुद्धीची व श्रमाची कृती आहे. आपोआप झालेल्या दगडाशी तिची बरोबरी कशी करावी? बरोबरी करण्याचे कारणच नाही. प्रश्न इतकाच आहे, की एकदा नाहीशी झाली तर कोणती वस्तू परत मिळेल? माणसाच्या हातून पुन्हा एखादे लेणे होणे अवघड असले तरी त्याची कल्पना तरी करता येते. तो लाव्हारसाचा पूर पुन्हा आणणे आणि तितक्याच संथपणे त्यास थंड करणे मात्र कोणाच्याही हाती नाही. तेव्हा आपोआप झालेली वस्तू कमी जपावी हा विचार उलटा आहे. ती अधिकच जपली पाहिजे.

दगड फोडूच नये, असे म्हणणे मात्र वेडेपणाचे होईल. घरांना पाया लागतो, रस्त्यांना खडी लागते, आणि खाणीवर राबणाऱ्या कुटुंबांची चूल त्याच दगडावर पेटते. काळ्या दगडाची महाराष्ट्रात वाण नाही; दख्खनचे हे थर सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरांवर पसरलेले आहेत. एवढ्या अफाट विस्तारात सुरेख खांबांच्या जागा त्या किती असणार! तेवढ्या वगळल्या तर कोणाचेही घर अडणार नाही.

अडचण निराळीच आहे. असे खांब पुष्कळदा डोंगराच्या पोटात दडलेले असतात, आणि खाण खोदली जाते तेव्हाच ते उघडे पडतात. जी पहार त्यांना प्रकाशात आणते, तीच दुसऱ्या दिवशी त्यांचे तुकडे करते. त्यांना प्रथम पाहणारा मनुष्य विद्यापीठातील प्राध्यापक नसतो. तो खाणीतील मजूर असतो. म्हणून या खांबांची माहिती जाड ग्रंथांत राहून भागणार नाही. ती खाणीच्या तोंडाशी पोहोचावयास हवी, आणि खाणकामगारांची मुले ज्या शाळेत जातात तेथेही. मातीचा थर निघाल्यावर खालून पैलूदार दगडांची रांग दिसू लागली, आणि ती काय आहे हे त्या मजुरास ठाऊक असले, तर तो निदान एकवार पहार खाली ठेवून मुकादमाला हाक मारील.