सर्व वेलांना सारखेच पाणी नको



आपल्या शाळेच्या परसबागेत डांगराचे सहा वेल लावले होते. काही जण त्याला लाल भोपळा म्हणतात. तीन वेल पुढे टाकीजवळ काळ्या मातीत आणि तीन मागे कुंपणाकडे मुरमात. कोणावर अन्याय नको म्हणून आपण नियम केला, की प्रत्येक वेलाला रोज एक बादली पाणी. तेव्हा हात वर करणाऱ्यांत मीपण होतो. पण आता माझे मत बदलले आहे.

आधी पुढचा एक वेल पिवळा पडला. दुपारच्या सुट्टीत त्याची पाने मान टाकायची. आम्ही म्हणायचो, ह्याला तहान लागली, आणि आणखी एक बादली ओतायचो. संध्याकाळी पाने उभी राहायची. आम्हाला वाटायचं आमच्याच पाण्याने उभी राहिली. थोड्या दिवसांनी तो वेल बुडापासून सडला. उपटला तर मुळं काळी पडलेली आणि घाण वास.

त्याच आठवड्यात मागचा एक वेल वाळला. तो तिसरीतल्या एका मुलीकडे होता. मी शाळेचा पाणीमंत्री आहे. मी फळ्यावर तिचे नाव लिहिले आणि पुढे लिहिले, "पाणी घालत नाही." ती लय रडली. मग कळलं की ती एक दिवससुद्धा चुकली नव्हती.

घरी आजीला हे सांगितलं. आजी म्हणाली, "आरं, काळं रान आन् मुरमाड रान एकच आसतं व्हय? काळीच्या पोटात पाणी ऱ्हातं. मुरूम म्हंजी चाळण."

मला खरं वाटेना. मग बाबांनी दोन रिकाम्या डब्यांना बुडाला खिळ्याने भोके पाडून दिली. एकात काळी माती भरली, एकात मुरूम. दोन्हींत एक एक तांब्या पाणी ओतले. मुरमाच्या डब्यातून लगेच धार लागली. काळ्या मातीत पाणी वरच थांबले, हळूहळू मुरले, आणि खाली थोडेच थेंब पडले. दुसऱ्या दिवशी बोट घातले तर मुरूम वरून कोरडा झालेला आणि काळी माती अजून चिकट होती. काळ्या मातीत रोज बादली ओतली तर पाणी साचून राहते. मुळांना हवा मिळत नाही म्हणून ती सडतात, असे बाईंनी सांगितले. आणि दुपारच्या उन्हात डांगराची पाने ओल असली तरी लवतात, संध्याकाळी आपोआप उठतात. म्हणजे आपण उगाच घाबरत होतो. सकाळीच पाने मलूल दिसली तर मात्र पाणी कमी पडले असे समजावे.

माझ्या मामाचे गाव भीमेच्या काठी आहे. तिथे उन्हाळ्यात नदीच्या वाळूत काकडी, कलिंगडाचे वेल लावतात. वाळू वर एवढी तापते की पाय भाजतो, पण हाताने उकरलं की खाली गार ओल लागते. वेलाचे मूळ तिथपर्यंत जाते. म्हणून नुसती वरची माती बघून पाणी ठरवू नये.

आमच्या वर्गातली काही मुले म्हणतात, जास्त पाणी म्हणजे मोठं डांगर. बाईंनी सांगितले होते, की २०२३ साली अमेरिकेत एका शिक्षकाने १२४७ किलोचा भोपळा आणला आणि तो जगात पहिला आला. तेव्हापासून सगळे बादल्या घेऊन पळतात! पण त्या भोपळ्याचे बीच वेगळे असते. आपले बी आजीच्या गाडग्यातले आहे. त्याला विहीर पाजली तरी ते एवढे होणार नाही. आपल्याला खिचडीत घालायला भोपळा पाहिजे, तेवढा झाला तरी पुष्कळ.

म्हणून माझे मत असे आहे, की बादलीचा नियम मोडावा. बोट दोन पेरं मातीत घालून बघावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. काळ्या मातीला तीन-चार दिवसांनी एक बादली पुरते. फक्त तिला भेगा पडू देऊ नयेत, नाहीतर सगळे पाणी भेगेतून खाली जाते. मुरमाला रोज, पण अर्धी बादली सकाळी आणि अर्धी संध्याकाळी. पाणी बुडात घालावे, पानांवर शिंपडू नये. कोणी म्हणेल पुढच्याला कमी आणि मागच्याला जास्त हा अन्याय आहे. पण मला दोन भाकरी लागतात आणि धाकट्या भावाला अर्धी, तेव्हा आई काय अन्याय करते का? शिवाय हापशावरून बादल्या आपणच आणतो.

फळ्यावरचे त्या मुलीचे नाव मी पुसले आहे. तिची चूक नव्हती हे इथे लिहितो, कारण फळा सगळ्यांनी वाचला होता.

मुरमातले दोन वेल अजून जिवंत आहेत. पालकांनी शनिवारी येताना एक पाटी शेणखत आणि थोडे उसाचे पाचट आणावे, म्हणजे त्यांच्या बुडात ओल टिकेल.

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी